खारा काठ

लोणारच्या कड्यावर पहाटे साडेपाचला आम्ही दोघं उभे होतो. कोजागिरी होऊन गेली होती, वसुबारस यायची होती. खाली काहीच दिसत नव्हतं. नुसता अंधार, आणि त्यातून वर येणारा सरोवराचा वास, कुजलेल्या शेवाळाचा आणि थोडा गंधकाचा. झुंजुमुंजू व्हायच्या आधी मोर ओरडले. मग एक टिटवी बोंबलत गेली. आणि मग, ज्याच्यासाठी मी रात्रीचा प्रवास करून आलो होतो, तो आवाज आला. पाण्याच्या अगदी लगत, बारीक, एकामागून एक उतरत जाणारे तीन-चार सूर. तुतारी.

"पह्यली तं ऑगस्टातच आल्ती," माझ्याबरोबरचा मुलगा हळू आवाजात म्हणाला. "आता सगळ्या आल्या, सर."

हा लोणारचाच. पर्यटकांना विवर दाखवायचं काम करतो. पक्षी त्याला कुणी शिकवले नाहीत. दुर्बीण घेऊन येणाऱ्या माणसांच्या मागे हिंडून, त्यांच्या पुस्तकांत डोकावून तो शिकला आहे, आणि आता त्याचे कान माझ्या दुर्बिणीच्या आधी पोचतात.

ज्यांचं बालपण कोकणात गेलं त्यांनी तुतारी पाहिलेली असते, नाव माहीत नसेल कदाचित. ओहोटीला उघड्या पडलेल्या कातळावर शेपटीकडचा भाग सारखा वरखाली हलवत फिरणारा तपकिरी-पांढरा छोटा पक्षी. तोच हा. लोणारपासून अरबी समुद्र सरळ रेषेत जवळपास चारशे किलोमीटरवर आहे. बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही, बंदर नाही, खाडी नाही. पण खाऱ्या पाण्याचा काठ आहे, आणि उत्तरेकडून येणाऱ्या पाखरांच्या दृष्टीनं तेवढं पुरेसं आहे.

लोणारबद्दल लिहिताना सगळे उल्केपासून सुरुवात करतात, त्यामुळे मी तिथे फार थांबत नाही. काळ्या बेसॉल्ट खडकात उल्केच्या आघातानं पडलेला सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा हा खळगा. त्याचं वय आधी 50-52 हजार वर्षं धरत, 2010 साली प्रसिद्ध झालेल्या कालमापनानं ते पाच लाख सत्तर हजारांच्या घरात नेलं. पक्ष्यांच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. या खळग्यात पाणी शिरायला वाटा आहेत, बाहेर पडायला एकही नाही. पावसाचं पाणी कड्यावरून उतरतं, 'धार' म्हणतात त्या झऱ्यासारखे झरे बारमाही वाहतात, आणि जे आत आलं ते फक्त उन्हानं वर जातं. पाणी उडतं, क्षार मागे राहतो. हजारो वर्षं हेच चालू आहे. 'ऐन-ए-अकबरी'मध्ये या तळ्याची नोंद आहे ती त्याच्या सौंदर्यासाठी नाही, काच आणि साबण करायला लागणाऱ्या क्षारासाठी. इथे निघणाऱ्या क्षारांना एकेकाळी दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी वेगवेगळी नावं होती. जे रोज हाताळायचं त्यालाच माणूस इतक्या बारकाईनं नावं देतो.

उजाडल्यावर आम्ही धारेच्या बाजूनं खाली उतरलो. सीताफळीची झाडी, चिंचा, मधूनमधून पडकी देवळं. पाण्याशी पोचल्यावर मुलानं खिशातून हळदीची पुडी काढली. हा त्याचा पर्यटकांसाठीचा नेहमीचा प्रयोग. तळहातावर चिमूटभर हळद, त्यावर सरोवराचं ओंजळभर पाणी. हळद बघता बघता कुंकवासारखी लाल झाली. समुद्राच्या पाण्याचा सामू 8 च्या थोडा वर असतो, लोणारचा 10 च्या आसपास नोंदला गेला आहे. आकड्यांत फरक दोनाचा दिसतो, पण सामूच्या मोजपट्टीवर एकेक पायरी दहापटीची असते, म्हणजे क्षारता जवळपास शंभरपट.

"आन् ते पहा," तो म्हणाला. हात अजून लालच होता. पलीकडे बुडालेल्या झाडाच्या बुंध्याशी बदकांची एक जोडी. काळ्या चोचीच्या टोकाला पिवळा ठिपका, बुडाशी लाल. मराठीत या बदकाचं नाव हळदी-कुंकू. हा इथलाच रहिवासी, स्थलांतराशी त्याचा संबंध नाही. पण त्या सकाळी तळहातावर आणि पाण्यावर एकाच वेळी हळदी-कुंकू पाहिलं, आणि ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

इतक्या विखारी पाण्यात मासे सहसा टिकत नाहीत. टिकतं ते निळं-हिरवं सूक्ष्म शेवाळ, ज्याला बाजारात स्पिरुलिना म्हणून ओळखतात. लोणारचं पाणी हिरव्या रश्श्यासारखं दिसतं ते त्यामुळे. त्यावर जगणाऱ्या माश्या, त्यांच्या अळ्या, चिखलातले किडे. गोड्या तळ्यात या अळ्या माशांच्या पोटात जातात. इथे मासे नसले की सगळं ताट पाखरांसाठी वाढलेलं. पण ते वाढलेलं असतं कुठे, तर खोल पाण्यात नाही. झाडी संपते आणि पाणी सुरू होतं त्या मधल्या पट्ट्यात. ओल्या, राखाडी, पांढऱ्या सालीच्या चिखलाचा हा पट्टा कुठे दहा पावलांचा, कुठे पन्नास. तुतारी, चिखल्या, टिलवा, शेकाट्या, धोबी हे सगळे याच पट्टीवर जगतात. यांचे पाय पोहण्यासाठी नाहीत, चालण्यासाठी आहेत. पाणी घोट्याच्या वर गेलं की बारक्या पाखरांना ताटापर्यंत पोचताच येत नाही.

म्हणून लोणारला गेलं की मी आता पाण्याचा रंग पाहत नाही, काठ पाहतो. 2020 च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झालं तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रं होती. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं की क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे तसं झालं. टाळेबंदीतले ते दिवस, पाणी उतरून आटलेलं, खारटपणा वाढलेला. त्याच वर्षी या सरोवराला रामसर दर्जा मिळाला, 427 हेक्टर क्षेत्र, नोंदीत पक्ष्यांच्या 160 जाती. नांदूर मध्यमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं हे दुसरं रामसर स्थळ. वन्यजीव अभयारण्य तर ते 2000 सालापासून आहे. इतके मानमरातब. मात्र यातला एकही कागद काठाला जागेवर धरून ठेवू शकत नाही.

सात-आठ वर्षांपूर्वी याच दिवसांत मी इथे आलो होतो. तेव्हा कमळजादेवीच्या देवळापासून पाण्यापर्यंत चालत जायला वेळ लागायचा. चिखलावर शेकाट्यांच्या लाल काड्यांसारख्या पायांची रांग, त्यांच्यामध्ये टिलवे शिवणयंत्राच्या सुईसारखे टोचत फिरणारे. मोजता मोजता चुकायचो आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचो. अलीकडच्या पावसाळ्यांत पाणी असं चढत गेलं की ते देवीच्या देवळात शिरलं. या वेळी खालची फेरीची वाट जागोजागी पाण्याखाली होती. वेड्या बाभळी कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या, काही वाळून काळ्या पडलेल्या. पाणी थेट झाडीत घुसलं होतं. मधला पट्टा नव्हता.

"पाणी वर आलं न सर, मंग चिखल कुठी राह्यला? पाखरं येतात, चकरा मारतात, आन् जातात."

पाणी का चढलं याचं एका शब्दातलं उत्तर कुणी देऊ नये. पाऊस आहे, झरे आहेत, कड्यावरच्या गावाचं सांडपाणी हा अनेक वर्षांचा विषय आहे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात लोणारच्या जतनाचं प्रकरण वर्षानुवर्षं चाललं आहे. मला एवढंच दिसतं की गोडं पाणी जितकं जास्त तितका खार पातळ, आणि खार पातळ झाला की शेवाळापासून टिलव्यापर्यंतची अख्खी साखळी हलते. पाणी वाढलं म्हणून एरवी आपण खूश होतो. दुष्काळ पाहिलेल्या मुलखात ते स्वाभाविकच आहे. पण या एका तळ्याचं आरोग्य भरण्यात नाही, तोलात आहे.

एक जागा मात्र उरली होती. धारेचा ओहोळ सरोवराला मिळतो तिथे त्यानं वाहून आणलेल्या गाळाची एक जीभ पाण्यात पुढे आली होती. फार तर दोन खाटांएवढी. आम्ही बाभळीच्या आडोशाला बसलो, सव्वा तास तिथून हललो नाही.

आधी पिवळा धोबी आला, मग दोन तुताऱ्या, एकमेकींना हुसकावत. आणि मग कुठूनसे तीन छोटे टिलवे उतरले. एक आमच्यापासून आठ-नऊ पावलांवर. दुर्बिणीची गरजच नव्हती. चिमणीएवढं अंग, काळे पाय, सरळ काळी चोच. दर सेकंदाला दोन-तीनदा टोच. मधेच थांबून चोच पाण्यात खळबळून घ्यायची, पुन्हा टोच. एकदा त्यानं चिखलातून लालसर, दोऱ्याएवढी अळी ओढली. ती तुटू नये म्हणून जरा सावकाश, मान तिरकी करून ओढली. त्याच्या पाठीवर पांढऱ्या पिसांच्या दोन रेघा खाली एकत्र येत होत्या, मागून पाहिलं की बाणाच्या टोकासारख्या. त्या रेघा अजून शाबूत होत्या म्हणजे हे पिल्लू. याच जुलैत जन्मलेलं.

छोटा टिलवा घरटं करतो ते नॉर्वेच्या उत्तर टोकापासून सायबेरियापर्यंतच्या टुंड्रात. तिथून लोणार पाच-सहा हजार किलोमीटर. वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास, मुठीत मावतील एवढे शेंगदाणे. यातली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट अंतराची नाही. या पक्ष्यांत मोठे आधी निघतात. पिल्लं मागे राहतात, अंगावर चरबी चढवतात आणि काही आठवड्यांनी आपली आपण निघतात. वाट दाखवायला आई-बाप नसतात. कोणत्या दिशेला किती दिवस जायचं याचा आराखडा रक्तातच असतो, त्याला रात्रीच्या ताऱ्यांची, मावळतीच्या उजेडाची आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाची जोड मिळते. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये पाच महिन्यांचा एक पट्टशेपटीचा गॉडविट अलास्काहून निघाला आणि कुठेही न उतरता 11 दिवसांत 13,560 किलोमीटर उडून टास्मानियात पोचला. तोही पहिल्याच प्रवासाला निघालेला. त्याच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र होतं म्हणून जगाला कळलं. आमच्यासमोरच्या टिलव्याच्या अंगावर काहीच नव्हतं. त्यानं ही दोन खाटांची जागा कशी शोधली ते त्यालाच ठाऊक.

आर्क्टिकपासून हिंदी महासागरापर्यंत पाणपक्ष्यांच्या 182 जाती ज्या आकाशवाटेनं येतात-जातात तिला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. तीस देशांवरून जाणारी ही वाट ऐकायला अफाट वाटते. प्रत्यक्षात ती अशाच चिखलाच्या तुकड्यांची बनलेली आहे. वारीला जसे मुक्काम असतात तसे हे मुक्काम. वारकऱ्याला पालखीचा रस्ता जितका लागतो तितकाच मुक्कामाच्या गावी कुणीतरी वाढलेला घास लागतो. आणि योगायोग असा की इथे खोल पाण्यावर जे पक्षी पोहत होते त्यांचं मराठी नावच वारकरी. काळंभोर अंग, कपाळावर पांढरं गंध लावावं तसा टिळा. ज्यानं हे नाव पहिल्यांदा दिलं त्या अनामिक माणसाला माझा नमस्कार.

अशी नावं गोळा करण्यात मारुती चितमपल्ली यांनी आयुष्य घातलं. त्यांचा 'पक्षिकोश' नसता तर माझ्यासारखे कितीतरी जण अजूनही परक्या नावांनीच पक्षी मोजत असते. 2025 साली 18 जूनला ते गेले. 5 नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस आणि 12 नोव्हेंबर सालिम अलींचा. 2020 पासून महाराष्ट्रात हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो, बहुतेकदा दिवाळीच्या मागेपुढेच. त्या आठवड्यात शाळांच्या सहली मोठ्या धरणांवर जातात. मला वाटतं, मुलांना एकदा तरी अशा ओहोळाच्या तोंडाशी तासभर गप्प बसवावं.

उठण्याआधी मुलानं एक वाळकी काटकी घेतली आणि गाळाच्या जिभेच्या कडेला, अगदी पाण्याच्या रेषेवर रोवली. "दिवाळीनंतर पाह्यतो, कुठवर उतरते," म्हणाला.

दुपारी वर आलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनची सोंगणी उरकत आलेली, शेताशेतांत सुड्या लागलेल्या, हडंब्यांचा धुरळा. विजेच्या तारेवर एक काश्मिरी नीलपंख बसला होता. आपला नेहमीचा नीलपंख दसऱ्याला दिसणं विदर्भात शुभ मानतात. हा त्याचा चुलतभाऊ नेमका दसऱ्याच्या सुमारास इथून जातो. तो मुक्कामाला येत नाही, आफ्रिकेच्या वाटेवर आपलं आभाळ ओलांडतो.

एका सुडीवर भोरड्यांचा थवा उतरला. गुलाबी पाठ, काळं डोकं, अखंड कलकल. मध्य आशियातून येणारे हे पक्षी आमच्या आजोबांच्या पिढीला शत्रू वाटत, कारण ज्वारी हुरड्यात आली की ते तुटून पडत. माळ्यावर उभं राहून गोफणीनं त्यांना हाकलणं हे घरातल्या पोरांचं काम होतं. आता या भागात ज्वारी उरली थोडी, सोयाबीन सगळीकडे. गोफण विणणारे हातही गेले. भोरड्या मात्र नाकतोडे आणि अळ्याही भरपूर खातात. चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून यांच्यासाठी मुद्दाम घरटी बांधली गेली. शेताच्या धन्याला हे सांगितलं तर तो हसला नाही, विचारात पडला. "आमी तं फवारनीच करतो," एवढंच म्हणाला.

संध्याकाळ आम्ही देऊळगाव राजा तालुक्यात, खडकपूर्णा धरणाच्या फुगवट्यावर काढली. धरणाला संत चोखासागर म्हणतात. चोखोबांचं मेहुणा हे गाव याच तालुक्यातलं. हा काठ गोड्या पाण्याचा, माणसानं केलेला, आणि ऑक्टोबरात तुडुंब. पण फुगवट्याच्या शेपटाला पाणी पसरट होतं आणि बुडालेल्या गवतात भुवई बदकांचा मोठा थवा चरत होता. नराच्या डोळ्यावर ऐन विणीच्या दिवसांत पांढरीशुभ्र भुवई असते. आत्ता सगळे मळकट पिसांत, ओळखायला वेळ लागला. मागे थापट्यांची एक रांग, फावड्यासारख्या चोची पाण्यात घालून गाळत चाललेली. माळावरून एक भोवत्या जमिनीसरसा, पंख उंचावून तरंगत गेला, आणि गवतातले चंडोल एकदम उठले.

थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळं टाकून परतणाऱ्या एका मच्छीमारानं विचारलं, "पट्ट्यावाले हंस पाहाले आले का? ते आता नाही दिसाचे. थंडी वाढू द्या." तो पट्टकादंबांबद्दल बोलत होता. मंगोलिया-तिबेटच्या तळ्यांवर वाढून हिमालय ओलांडणारा हा हंस. यंत्र लावून मागोवा घेतलेल्या एका पट्टकादंबाची उंची 7,290 मीटर नोंदली गेली आहे. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू घट्ट धरतं. असा पक्षी खाली उतरून करतो काय, तर रात्री गाळपेऱ्यातला हिरवा हरभरा खातो. हिवाळ्यात कालव्यांना पाणी सुटतं, धरण मागे सरकतं आणि उघड्या पडलेल्या गाळावर लोक गाळपेर करतात. तोच गाळ टिलव्यांना, चिखल्यांना हवा असतो. दोघांनाही तो हवा आहे आणि दोघांचाही हक्क आहे असं मी मानतो. मोटारींचे पाइप आणि नांगर पाण्याच्या रेषेपर्यंत नेण्याऐवजी काठाची एक पट्टी मोकळी सोडली तर दोघांचं भागेल. फार नको, शेताला जसा बांध सोडतो तेवढी.

लोणारलाही मागणं मोठं नाही. दर महिन्याला पाण्याची पातळी, खारटपणा आणि काठावरचे पक्षी एकाच वहीत मांडले जावेत. सांडपाण्याचा एक थेंबही आत जाऊ नये. वेड्या बाभळी काढण्याचं काम जिथे काठ मोकळा होईल तिथे आधी व्हावं. आणि पर्यटकांच्या सोयीसाठी पाण्यालगत कधी फरशी बसवू नये. फरशीवर अळी होत नाही.

अंधार पडला तसा वारा थांबला. तराफा काठाला लागला, जाळ्याचा ओला ढीग खाली पडला. आणि डोक्यावरून, न दिसणाऱ्या उंचीवरून, बारीक 'टिट्-टिट्' असे आवाज दक्षिणेकडे गेले. टिलवे रात्रीच निघतात. मच्छीमारानं वर पाहिलं. "रोजच जातात," तो म्हणाला आणि मासे निवडायला बसला.

दिवाळी होऊन गेल्यावर तीन आठवड्यांनी फोनवर एक फोटो आला. लोणारची गाळाची जीभ. ती काटकी आता पाण्यापासून वीतभर लांब, कोरड्यात उभी होती. काटकी आणि पाण्याच्या मधल्या ओल्या चिखलावर तीन बोटांच्या पावलांची दाट नक्षी उमटलेली होती, बारक्या पावलांवर मोठी, मोठ्यांवर पुन्हा बारकी. खाली त्यानं लिहिलं होतं: "एक वीत उतरलं सर. पाखरांले लगेच समजलं."